दिव्यांग मुलासाठी साधन बनवताना : विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या टिंकरिंग लॅबमधली (हाताने वस्तू बनवायच्या प्रयोगशाळेतली) आठवी-नववीची मुलं, पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले आणि इंजिनिअरिंगचे काही विद्यार्थी यांना सोबत घेऊन आम्ही शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी रोजच्या वापराची साधनं बनवतो. त्यांत सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं जास्त. काही स्पायना बिफिडाची (यात पाठीचा कणा जन्माआधी नीट जुळत नाही), काहींना जन्मापासून हाताची बोटं नसतात. नवा गट आला की साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं लिहून ठेवली आहेत.

सुरुवात कशी करायची? आमच्याकडे एक कल्पना तयार आहे.

कल्पना बाजूला ठेवा आणि आधी त्या मुलाला भेटा. एक अख्खा दिवस त्याच्या आसपास राहा. सकाळी उठल्यापासून शाळा सुटेपर्यंत ते कुठे अडतं, कुठे दुसरं कोणीतरी येऊन त्याचं काम उरकून टाकतं, आणि कुठे ते स्वतःच काहीतरी युक्ती काढतं, हे वहीत लिहा. ही तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खरं तर मुलाने स्वतः शोधलेली युक्ती हाच चांगल्या साधनाचा पाया असतो.

मग त्यालाच विचारा, ‘तुला काय करायचंय?’ आईला किंवा बाईंना विचारायचंच आहे, पण ते नंतर.

तिसरीतल्या एका मुलीसाठी आमचा एक गट मोटर लावलेला चमचा बनवायच्या बेतात होता. तिला विचारलं तर ती म्हणाली, “मला मैत्रिणींबरोबर डबा खायचाय.” पाहिलं तेव्हा कळलं की चमचा ती आपल्या पद्धतीने नीट धरत होती, अडत होती ती डब्याच्या झाकणापाशी. डावा हात ताठ राहत असल्यामुळे डबा धरून ठेवता येत नव्हता, झाकण ओढलं की अख्खा डबाच सरकायचा. मग मावशी येणार, तिला बाजूला नेणार, डबा उघडणार, आणि आता बसलोच आहोत म्हणून भरवूनही टाकणार. तोवर मैत्रिणींचं जेवण होऊन त्या मैदानावर पळालेल्या. मुलांनी एका फळीत डब्याच्या आकाराचा खोलगट खड्डा केला, खालून न सरकणारी जाळीदार रबरी मॅट चिकटवली आणि कडीच्या डब्याच्या कडीला बोटभर लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जोडली. आता उजव्या हाताच्या मुठीने वर ढकललं की कडी उघडते. सगळं सामान काही शे रुपयांत आलं. तिला हवं होतं मैत्रिणींसोबतचं जेवण आणि ते तिला मिळालं.

सेरेब्रल पाल्सीबद्दल किमान काय माहीत असायला हवं?

जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच, वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि शरीराचा तोल यांवर परिणाम होतो. मेंदूतली ती इजा पुढे वाढत जात नाही. मात्र मूल वाढतं तसे स्नायू आखडू शकतात, सांध्यांवर ताण येतो, म्हणून गरजा बदलत राहतात. सगळ्यात जास्त आढळतो तो स्पास्टिक प्रकार, यात स्नायू ताठ असतात. दुसऱ्या एका प्रकारात हालचाली आपोआप आणि वेड्यावाकड्या होतात. नवजात बाळाच्या कावीळीवर वेळेत उपचार न झाल्याने हा प्रकार होऊ शकतो. तिसऱ्यात तोल सांभाळणं जड जातं.

साधन बनवणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा. ताठ हाताला जाड मूठ सोयीची पडते, तर आपोआप हलणाऱ्या हाताला वजनदार आणि जागचं न हलणारं साधन लागतं. घाई केली, मोठ्याने ओरडलं किंवा मूल एकदम उत्साहात आलं की ताठरपणा वाढतो. त्यामुळे चाचणी घेताना भोवती सात-आठ जणांचा गराडा नको.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं कृपा करून गृहीत धरू नका. अनेक मुलांना सगळं कळत असतं आणि तुम्ही त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी काय बोललात हे त्यांच्या लक्षात राहतं.

फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करायला शिकवणारे तज्ज्ञ) सोबत असायलाच हवेत का?

डब्याची फळी, पेन्सिलीची मूठ, पुस्तक धरायचा स्टँड अशा वस्तूंना पालक आणि विशेष शिक्षक पुरेसे आहेत. पण मूल ज्यावर बसणार, उभं राहणार, ज्याला बांधलं जाणार किंवा ज्यातून खाणार, अशा प्रत्येक साधनाला थेरपिस्टची संमती हवीच. चुकीच्या बसण्याने पाठीचा कणा आणि कंबरेचे सांधे बिघडतात. मान मागे झुकलेली असताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

काही गोष्टी विद्यार्थ्यांनी बनवूच नयेत. पायाचे स्प्लिंट (आधारपट्ट्या), कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा), कृत्रिम पायाचं सॉकेट (उरलेला पाय जिथे बसतो ती वाटी), कणा वाकलेल्या मुलाची खास खुर्ची ही प्रशिक्षित माणसांची कामं आहेत. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून चालू असलेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. १९७२ मध्ये ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ या नावाने सुरू झालेली आणि आता ‘अडॅप्ट’ म्हणून ओळखली जाणारी संस्थाही मुंबईचीच. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात विचारा. विद्यार्थी शिकायला आलेत म्हटल्यावर माणसं वेळ काढतात, असा आमचा अनुभव आहे.

माप कसं घ्यायचं?

मूल रोज ज्या कपड्यांत आणि बुटांत असतं, त्यांतच. पायाला स्प्लिंट असेल तर तो घालून. मूल पाठीवर झोपलेलं असताना घेतलेली मापं बसण्याच्या साधनाला चालत नाहीत.

बसायच्या साधनाची चार मापं महत्त्वाची. पार्श्वभागाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत जे अंतर येईल, त्यातून दोन बोटं वजा केली की बैठकीची खोली मिळते. ही दोन बोटं सोडली नाहीत तर कड गुडघ्यामागे टोचते आणि मूल पुढे घसरत राहतं. बसल्यावर पार्श्वभाग जिथे सर्वांत रुंद भरतो तिथल्या रुंदीत दोन-तीन सेंटिमीटर वाढवले की बैठकीची रुंदी मिळते, त्याहून जास्त ठेवली तर मूल एका बाजूला कलतं. गुडघ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंतच्या मापावर पावलं टेकायची फळी बसते. चौथं माप बसल्यावर कोपर जिथे येतं त्या उंचीचं, कारण टेबल त्याच उंचीला लागतं. कंबर, गुडघा आणि घोटा साधारण काटकोनात, पावलं पूर्ण टेकलेली. एवढं जमलं की अनेक मुलांचे हात एकदम मोकळे होतात. लोंबकळत्या पायांनी बसलेलं मूल आपली सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतं, मग लिहिणार कशाने?

कमरेचा पट्टा मांडी आणि धड जिथे मिळतात तिथून तिरका खाली-मागे जाऊ द्या. तो पोटावर चढला तर मूल त्याखालून घसरतं. गळ्याजवळ कुठलाही पट्टा किंवा दोरी नको.

शाळकरी वयात मूल वर्षाला सरासरी पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची वाढ काहीशी हळू असू शकते, तरी ती होतेच. म्हणून पावलांच्या फळीला आणि टेबलाच्या पायांना भोकांची ओळ पाडून विंग नट लावा. पाना न शोधता आईला हाताने खालीवर करता आलं पाहिजे.

आमच्या शाळेत बाक नाहीत, सगळे सतरंजीवर बसतात. खुर्ची दिली की मूल वेगळं पडतं. काय करावं?

हा प्रश्न आम्हांला फार जवळचा वाटतो. परदेशी आराखड्यांत खुर्ची गृहीत धरलेली असते. आपल्याकडे मूल जेवतं जमिनीवर, खेळतं जमिनीवर, पहिली-दुसरी शिकतंही जमिनीवर. जयपूर फूटचं मोठेपण यातच होतं. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी असं कृत्रिम पाऊल घडवलं की माणसाला मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं. रबर आणि लाकूड हे साहित्यही बाजारात मिळणारंच.

बैठ्या वर्गासाठी कोपऱ्याची बैठी खुर्ची करा. पाठीला दोन फळ्या काटकोनात जोडल्या की खांदे किंचित पुढे येतात आणि हात शरीराच्या मधोमध भेटतात. पाय पुढे लांब, मधे लागलं तर मांड्या वेगळ्या ठेवणारा गोल ठोकळा, समोर बैठं टेबल. मूल बाकीच्यांच्याच सतरंजीवर, त्यांच्याच उंचीला बसतं. मात्र मांडीच्या मागचे स्नायू फार आखडले असतील तर पाय लांब करून बसणं त्रासाचं होतं, पाठ कुबडते. तेव्हा बैठक चार-पाच बोटं उंच करावी लागते. हे थेरपिस्ट एका नजरेत सांगतात.

ही खुर्ची पुठ्ठ्याचीही होते. टाकाऊ पुठ्ठा आणि कागदापासून टिकाऊ वस्तू बनवायची पद्धत झिम्बाब्वेत १९७० च्या दशकापासून रुळली आणि तिथून अनेक देशांत पसरली. किराणा दुकानातून, फ्रिज-कूलरच्या शोरूममधून खोके आणा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एका थरात उभ्या, पुढच्यात आडव्या असे थर खळीने चिकटवा आणि वजन ठेवून दाबा. सगळे थर एकाच दिशेचे ठेवले तर त्याच रेषेवर वाकतात. कडांवर आणि सांध्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन-चार थर द्या. पूर्ण वाळल्यावर बाहेरून जुन्या सुती साडीचं कापड किंवा खाकी कागद, मग वॉर्निश. पूर्ण वाळणं फार महत्त्वाचं, ओल राहिली की बुरशी येते. म्हणून हे काम कोकणात तरी जून ते सप्टेंबर टाळाच.

एक सावधगिरी. बुकबाइंडिंगच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलाच्या साधनाला ती खळ वापरू नका. मूल कडा चोखतं, चावतं, आणि मोरचूद विषारी आहे. साध्या कणकेची किंवा मैद्याची खळ ताजी शिजवून वापरा.

सामान कुठून आणायचं?

ऑनलाइन मागवण्याआधी बाजारपेठेत एक फेरी मारा. एसी दुरुस्तीवाल्याकडे काळी फोमची नळी मिळते. तिचे तुकडे पेन, ब्रश, कुंचला, सायकलचा दांडा कशावरही चढवले की जाड मऊ मूठ तयार. चमच्याला मात्र ती नको, अन्न आणि ओल तिच्यात मुरते. चमच्याला सायकलच्या हँडलची मूठ बसवा, ती धुता येते. चपलांच्या होलसेल दुकानात ईव्हीए शीट (चपलेच्या तळव्याचा फोम), शिंप्याच्या सामानाच्या दुकानात व्हेल्क्रो, दप्तरवाल्याकडे नायलॉनचा पट्टा आणि क्लिपा. कपाटात अंथरायची जाळीदार रबरी मॅट भांड्यांच्या दुकानातही मिळते.

सुतार, फॅब्रिकेटर आणि चांभार यांना गटाचे गुरू माना. पट्ट्याला शिवण कुठे द्यायची म्हणजे ताण आला तरी उसवणार नाही, हे आम्हांला चांभारांनी शिकवलं.

थ्रीडी प्रिंटर आहे. कृत्रिम हात बनवू का?

बहुतेक गटांना हेच करायचं असतं आणि त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या इव्हान ओवेन यांनी बनवलेला यांत्रिक हात इंटरनेटवर पाहून, बोटं गमावलेले दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन अस यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. दोघांनी मिळून पुढे एका लहान मुलासाठी हात बनवला आणि आराखडा सगळ्यांना मोफत दिला. ‘ई-नेबल’ ही स्वयंसेवकांची जगभरची चळवळ त्यातूनच उभी राहिली.

पण हा हात कोणाला उपयोगी, हे आधी समजून घ्या. बोटं नाहीत पण मनगट चालतं आणि साधारण ३० अंश तरी वाकतं, अशाच मुलाला तो चालवता येतो, कारण मनगट वाकल्यावर दोरे ताणले जाऊन बोटं मिटतात. पकड हलकी असते. बादली उचलणं, सायकलवर पूर्ण भार टाकणं यासाठी तो नाही. आणि आपल्याकडचं जेवण हाताने. वरण-भात कालवताना दोऱ्यांत आणि खाचांत अन्न अडकतं. जन्मापासून बोटं नसलेलं मूल उरलेल्या हाताने इतकं सफाईने काम करतं की हा हात त्याला उलट अडचणीचा वाटतो. आमचं मत असं की एका कामाचं एक साधन जास्त टिकतं. सायकलच्या हँडलवर बसणारी वाटी, बॅट धरायचा पट्टा, ढोलकीची काठी बसेल असा कफ. मुलाला हात हवाच असेल, मित्रांना दाखवायला हवा असेल, तर तेही कारण खरंच आहे. मग बनवा.

प्रिंटरमध्ये वापरतात ते पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं. विदर्भात मे महिन्यात उन्हात बंद गाडीत ठेवलेली वस्तू वाकडी होऊ शकते. बाहेर वापरायच्या वस्तूला पीईटीजी घ्या, लवचीक भागाला टीपीयू. प्रिंटच्या थरांमधल्या फटींत घाण साठते, म्हणून तोंडात जाणारी वस्तू प्रिंट करू नका.

इलेक्ट्रॉनिक्स येतं आम्हांला. त्याचा उपयोग कुठे?

मोठ्या स्विचमध्ये. शरीराची एक हालचाल जरी मुलाच्या ताब्यात असेल, कोपर बाजूला सरकवणं, गुडघा दाबणं, डोकं एका बाजूला नेणं, तरी तिच्यावर खेळणं, दिवा, पंखा, गोष्ट, संगणक काहीही चालू करता येतं. आधी ती हालचाल शोधा. मूल न दमता, पुन्हा पुन्हा, हवी तेव्हा करू शकेल अशीच हालचाल कामाची. ती हाताचीच असेल असं धरून चालू नका.

बॅटरीच्या खेळण्यात बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी तांबं असलेली पातळ चकती सरकवून तिच्या वायरी ३.५ मिलिमीटरच्या जॅकला जोडल्या की कुठलाही स्विच त्याला लावता येतो. विकतचे बहुतेक स्विच याच मापाच्या पिनेचे असतात, म्हणून तुम्हीही तेच माप ठेवा. संगणकासाठी अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड घ्या. ते थेट कीबोर्ड म्हणून ओळखले जातात, अर्डुइनोच्याच उनो बोर्डाचं तसं नाही.

प्रोग्राममध्ये वेळेची दोन मापं ठेवा. स्विच किती वेळ दाबला तर तो खरा मानायचा, आणि एकदा मानल्यावर पुढचं दाबणं किती वेळ सोडून द्यायचं. हात थरथरणाऱ्या मुलाचं सगळं यश या दोन आकड्यांवर असतं. ते बदलायची सोय डब्याच्या बाहेरच द्या, दोन छोटे नॉब पुरतात. लिथियमची सुटी बॅटरी मुलाच्या अंगाजवळ नको आणि चार्जिंग चालू असताना साधन मुलाजवळ नको.

मूल बोलत नाही. त्याला काय हवंय ते कसं कळणार?

आधी ‘हो’ आणि ‘नाही’ ते कसं सांगतं हे आईकडून शिकून घ्या. कोणी वर बघतं, कोणी जीभ बाहेर काढतं, कोणी हसतं. दोन वस्तू किंवा दोन चित्रं थोडी दूर-दूर धरून कुठे बघतंय ते पाहा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. त्या दहा अंकांत बोलून टाकायचा मोह आवरणं विद्यार्थ्यांना सगळ्यात अवघड जातं.

चित्रांचा तक्ता स्वतः बनवा, घरच्या शब्दांत. ‘आजी’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘माझी पाळी’, ‘थांब’. आणि ‘नको’ हवाच. अनेक तक्त्यांवर खाण्यापिण्याच्या वीस वस्तू असतात आणि नकार द्यायला जागाच नसते. फोन किंवा टॅब असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीतही चालतं. तरीही कागदी तक्ता सोबत ठेवा, त्याचं चार्जिंग संपत नाही.

लिहिण्यासाठी काय करता येईल?

वही तिरकी करा. साधारण २० अंशांचा उतार पुरतो, जाड बॉक्स फाइल आडवी ठेवली तरी चालते. वहीखाली रबरी मॅट, वर क्लिप. ओळ सुटत असेल तर काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून ती वहीवर सरकवत न्या. शिरोरेषा देताना मुलाचा हात दमत असेल तर सरावाच्या वहीत ती सोडून द्यायला शिक्षकांची परवानगी मागा, अक्षर तरीही वाचता येतं.

लिहिणं फारच कष्टाचं असेल तर टायपिंगकडे वळा, त्यात कमीपणा नाही. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा असं म्हटलं होतं. बोर्डाच्या परीक्षेसाठी शाळेमार्फत अर्ज आधी करावा लागतो, दहावीचं वर्ष सुरू झालं की लगेच विचारा.

कोणी सांगत नाही पण खरी अडचण असते, असं काय आहे?

संडास. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, मधल्या सुट्टीनंतर घरी जातात किंवा शाळाच सोडतात. पालक ही गोष्ट कॉलेजच्या मुलांपुढे काढत नाहीत. गटातल्या मुलीने किंवा शिक्षिकेने आईशी वेगळं बोलावं.

उकिडवं बसता येत नसेल तर भारतीय भांड्यावर ठेवायचा मधे भोक असलेला स्टूल लागतो. साधा लोखंडी पाइप वर्षा-दोन वर्षांत गंजतो, म्हणून स्टेनलेस स्टील घ्या किंवा जाड पीव्हीसी पाइप कोपऱ्यांत दुहेरी आधार देऊन वापरा. पायांना रबरी बूट, पाठीला टेका, समोर धरायला आडवा दांडा. मुलाचं पाऊल जमिनीला टेकलंच पाहिजे, अधांतरी पायांनी कोणालाही शौचाला नीट होत नाही. भिंतीला लावलेला दांडा अख्ख्या माणसाचं वजन पेलेल असा विटेत घट्ट बसवा, टाइल्सवर चिकटवलेला नको. दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलेल्या मुलामुळे आत उघडणारं दार अडतं.

तिथवर जायला रॅम्प करताना १ : १२ चं प्रमाण पाळा. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. एवढी जागा नाही म्हणून तो आखूड आणि खडा केला तर व्हीलचेअर मागे उलटते.

खर्च कोण करणार? सरकारकडून काही मिळतं का?

आधी मुलाला जे हक्काने मिळतं ते मिळालं का पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं येतात आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं असावं. व्हीलचेअर, कॅलिपर, सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची) अशी साधनं केंद्राच्या एडीआयपी योजनेतून, आणि शाळकरी मुलांना समग्र शिक्षाच्या शिबिरांतून मिळतात. बरीचशी साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. जे फुकट मिळतं ते विद्यार्थ्यांनी पुन्हा घडवण्यात अर्थ नाही.

मात्र घरी गेलात की माळ्यावर नजर टाका. शिबिरात मिळालेली खुर्ची फूटरेस्ट तुटली म्हणून, मूल मोठं झालं म्हणून किंवा दारातून आत येत नाही म्हणून पडून असते. ती दुरुस्त करणं, मुलाच्या मापाला आणणं हा पहिल्या गटासाठी आमच्या मते सर्वांत उत्तम प्रकल्प. फक्त व्हीलचेअरच्या मूळ सांगाड्याला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. जोडायचं ते क्लॅम्पने.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर अवजारं हाताशी आहेतच. २०१६ पासूनच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला कल्पना साकारायला १० हजार रुपये मिळतात.

साधन मुलाला देण्याआधी काय तपासायचं?

कडांवरून आपल्या गालाने फिरवून बघा, बोटाला न लागलेली धार गालाला लागते. सुटणारा प्रत्येक भाग तोंडात जाईल असंच समजा. मुलाच्या वजनाच्या दुप्पट वाळूची पोती ठेवून हलवा, कलंडवा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटंच वापरा आणि त्वचा बघा. दाबामुळे उठलेला वळ वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर साधन बदलायचं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून तिथे जास्त गरम किंवा कडक लागतंय का पाहा. स्पायना बिफिडाच्या मुलांना पायाला संवेदना कमी असते, दुखतंय हे त्यांना कळतच नाही. त्यांच्यापैकी अनेकांना लॅटेक्स रबराची अ‍ॅलर्जी असते, तेव्हा फुगे, रबरी हातमोजे, रबरबँड यांतलं काहीच वापरू नका.

इतकं चांगलं साधन दिलं, पण मूल ते वापरत नाही. का?

मुलालाच विचारा. चढवायला दहा मिनिटं लागतात आणि मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, हे एक नेहमीचं कारण. आजीला पट्टा लावता येत नाही, हे दुसरं. आवाज होतो, वास येतो, वर्गातली मुलं बघतात. एका मुलाने पेनाची मूठ नाकारली कारण ती बाळाच्या खेळण्यासारखी गुलाबी होती. काळा रंग दिला, वापरायला लागला. कधीकधी त्या साधनाची गरजच नसते, मूल आपल्या पद्धतीने काम करतं आणि ती पद्धत त्याला आवडते. तेव्हा वस्तू परत घ्या आणि मुलाला त्याबद्दल एक शब्दही बोलू नका. प्रकल्पाला गुण देणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती आहे की सादरीकरणाच्या दिवशी गुण देऊन मोकळे होऊ नका. तीन महिन्यांनी मुलाच्या घरी वस्तू कुठे ठेवलेली आहे ते बघून अर्धे गुण द्या.

फोटो, प्रदर्शन, पेपरात बातमी?

साधनाचे आणि हातांचे फोटो काढा. मुलाचा चेहरा, नाव, गाव नको. पालकांनी होकार दिला तरी मुलाला वेगळं विचारा. प्रदर्शनात मुलाला स्टॉलवर बसवून ठेवायचं नाही. त्याला यायचं असेल तर गटातला एक जण म्हणून येऊ दे, कारण अर्धा आराखडा त्याचाच असतो. दानाचा धनादेश देतात तसा साधन देण्याचा समारंभ आम्ही करत नाही.

गटात किती जण असावेत?

चार. त्यांतला एक जण पुढच्या वर्षी शाळेत किंवा कॉलेजात असणारा हवा.

विद्यार्थी पास होऊन गेल्यावर दुरुस्ती कोण करणार?

याची सोय साधन देतानाच करा. प्रत्येक साधनासोबत एक कागद लॅमिनेट करून द्या : मापांसह हाताने काढलेलं चित्र, कुठला नट कुठल्या मापाचा, कुठल्या दुकानात मिळतो, काय धुवायचं, काय धुवायचं नाही. सोबत पिशवीत जादा नट, व्हेल्क्रो आणि पट्टा. गावातल्या सुताराला किंवा वेल्डरला आधीच बोलावून साधन दाखवा, त्याच्याकडून एक भाग घडवूनच घ्या. मग तुटल्यावर घरचे लोक तुमच्या फोनची वाट बघत नाहीत. दर सहा महिन्यांनी मापं पुन्हा घ्यायचं काम शाळेतल्या पुढच्या गटाकडे सोपवा. लहान पडलेलं साधन परत आणा, स्वच्छ करा, दुसऱ्या मुलाला उपयोगी पडतं का बघा.

आराखडा इंटरनेटवर खुला टाकायचा असेल तर कॅनडातल्या ‘मेकर्स मेकिंग चेंज’च्या संग्रहात लोकांनी कसं लिहिलंय ते पाहा. त्यावर मराठीतही लिहा. सांगोल्यातल्या वेल्डरला त्याचा उपयोग व्हायला हवा.

आमच्या गावात असं मूल नाही. मग?

शाळेत दिसत नाही, एवढंच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्याने तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला, त्यामुळे अनेक मुलं पटावर असतात पण वर्गात नसतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जा, तिथल्या विशेष शिक्षकांना अशी सगळी घरं माहीत असतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनाही विचारा. मुख्याध्यापकांचं पत्र सोबत असू द्या. पहिल्या भेटीला विशेष शिक्षकांबरोबर दोघांनीच जा आणि वेळ आईला विचारून ठरवा. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत ती संध्याकाळी सातच्या आधी घरी सापडत नाही.